कान काढून पाहिलेले सिनेमे

'बाईपण भारी देवा' पाहायला गेलो तेव्हा अख्ख्या थिएटरात आम्ही चार पुरुष होतो, त्यातला एक दारावर तिकिटं बघणारा. बाकी सगळ्या बायका. नऊवारी नेसलेल्या, नथी घातलेल्या, वर गॉगल चढवलेल्या, सोसायटीच्या सोसायट्या गाड्या करून आलेल्या. ३० जून २०२३ ला सिनेमा लागला आणि पुढे कित्येक आठवडे पुण्यात हेच दृश्य होतं. आमच्या हिच्या भिशीनं दोन रांगा धरल्या होत्या. एक जण ऐनवेळी आजारी पडली आणि तिकीट फुकट जाऊ नये म्हणून माझी वर्णी लागली.

पडद्यावर सहा बहिणी. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्तानं एकत्र येतात आणि सहाही जणी एकदम बोलतात. थिएटर हसून लोळत होतं आणि मी आपला शेजारच्यांचे चेहरे बघून हसत होतो, अर्ध्या सेकंदानं उशिरा. ''काय म्हणाली?'' मी हिला विचारलं. ''घरी सांगते.'' पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं तेव्हा पडद्यावरची नजर न हलवता ही म्हणाली, ''अहो, बायका काय बोलतात ते तुम्हाला तीस वर्षं ऐकू आलेलं नाही. आज कुठून येणार?'' मागच्या रांगेतल्या तिघी सिनेमातला विनोद सोडून यावर हसल्या.

तीन आठवड्यांनी 'ओपनहायमर' लागला. पुतण्या स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात असतो, त्यानं ओढून नेलं. तीन तास माणसं खोल्यांमध्ये बसून भराभर बोलत होती आणि वरून सनईचौघडा वाजावा तसं संगीत. मला चार वाक्यांतलं एक कळत होतं. बाहेर पडल्यावर चाचरत विचारलं, ''तुला सगळं कळलं?'' तो म्हणाला, ''काका, निम्मं नाही कळलं. या दिग्दर्शकाचं, नोलनचं, असंच असतं. संवाद दबले तरी तो नंतर स्टुडिओत नीट करून घेत नाही, ठरवूनच.'' मला इतकं बरं वाटलं की कानाच्या डॉक्टरकडे जायचं मी आणखी दोन महिने लांबवलं.

पण त्या सिनेमात एक जागा होती. वाळवंटात पहिला अणुस्फोट होतो, पडदा पांढराफटक, मग ज्वाळांचा डोंगर, आणि आवाज नाही. फक्त श्वास. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून येतो, हे शाळेत वीज चमकली की गुरुजी सांगायचे तेच. त्या शांततेत सगळं थिएटर माझ्यासारखंच बहिरं झालं होतं. कोणी कोणाला काय म्हणाला म्हणून विचारत नव्हतं. मग धाडकन आवाज आला आणि पुढची बाई खुर्चीत उडाली. मी उडालो नाही. मला तो जमिनीतून, पायांतून आला.

सप्टेंबरात तपासणी झाली. टेलिफोन बूथएवढी खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. टूं ऐकू आलं की दाबायचं. बाहेर आल्यावर त्या ऑडिऑलॉजिस्ट मुलीनं आलेख पुढे ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, आणि दोन्ही रेघा आंबोली घाट उतरावा तशा उजवीकडे खाली गेलेल्या. ती म्हणाली, खालच्या पट्टीतलं तुम्हाला छान ऐकू येतं, वरच्या पट्टीतलं गेलंय. स्वर येतात, व्यंजनं जातात. स, श, थ, फ ही वरच्या पट्टीतली. म्हणून 'सात', 'हात', 'आठ' सगळं एकच वाटतं. पुरुषांचं बोलणं त्या मानानं कळतं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी जातात.

शेजारी बसलेल्या हिनं टाळी दिल्यासारखा हात टेबलावर मारला. ''लिहून द्या,'' ती त्या मुलीला म्हणाली.

श्रवणयंत्रं आली. दोन्ही मिळून एका बऱ्या दुचाकीच्या किमतीची. घरात त्यांना आम्ही 'कान' म्हणतो. 'कान घातलेत का?', 'कान चार्जिंगला लावा', 'कान काढून ठेवलेत म्हणजे ऐकायचंच नाहीये.' यंत्राचा एक धर्म असतो: त्याला महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं यातला फरक फारसा कळत नाही. संवाद मोठा करतं तसाच शेजाऱ्याच्या पॉपकॉर्नचा कागदही मोठा करतं. आणि पार्श्वसंगीत तर सगळ्यांत आधी उचलतं. म्हणून गेली दोनअडीच वर्षं मी सिनेमे एका विचित्र पद्धतीनं पाहतो आहे. काही वेळ कान घालून, काही वेळ कान काढून डबीत ठेवून. सुरुवातीला नाइलाज होता. आता जरा नादच लागलाय म्हणा. आवाज काढून घेतला की पडद्यावर काय उरतं ते बघायचा नाद.

कान घालून पाहिलेला पहिला सिनेमा 'ट्वेल्थ फेल', ऑक्टोबर २०२३. विधू विनोद चोप्रांचा. पुन्हा पुतण्याच बरोबर, आणि त्याचे अभ्यासिकेतले चार मित्र. सदाशिव पेठेत, नवी पेठेत ही मुलं तुम्ही पाहिली असतील. खोलीत तिघं, मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. पडद्यावर चंबळकडचा मुलगा दिल्लीत पिठाच्या गिरणीत राहून अभ्यास करतो. गिरणीची घरघर यंत्रात शिरली आणि मला दात दुखल्यासारखं झालं, पण तीच घरघर कानात असताना तो पुस्तकातली ओळ वाचतोय, हे मला इतर कोणापेक्षा जास्त पोचलं असेल. विक्रांत मॅसीला त्या कामाचं राष्ट्रीय पारितोषिक २०२५ मध्ये जाहीर झालं, ते योग्यच झालं. ज्यांच्यावरून हा सिनेमा निघाला ते मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचेच आयपीएस, त्यामुळे या पोरांना तो आपल्यातलाच वाटतो.

शेवटी निकाल लागतो तेव्हा मला डाव्या बाजूनं एक आवाज आला. आधी वाटलं यंत्र बिघडलं. तो मागच्या रांगेतल्या कोणा पोराचा नाक ओढण्याचा आवाज होता. मग उजवीकडून आणखी एक. मग पुतण्याचा. अंधारात, सगळे पडद्याकडे तोंड करून, कोणी कोणाकडे न बघता. आयुष्यभर थिएटरात आलो, पण माणसं रडताना इतका बारीक आवाज करतात हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. सिनेमा तसा सरळसोट आहे. गुणी मुलगा, कठीण वाट, यश. शिवाय एका यशाची गोष्ट सांगताना मागे उरलेल्या लाखांचं काय, हा प्रश्न तो सिनेमा हळूच बाजूला ठेवतो. पण तो मुद्दा मी त्या रात्री पुतण्यापुढे काढला नाही. त्याचा तिसरा प्रयत्न होता.

भुताच्या सिनेमांचं सांगतो, कारण तिथे कानाचा खरा कस लागतो. 'मुंज्या' आला जून २०२४ मध्ये. मी मूळचा कुडाळकडचा. मुंजा आम्हाला काही सिनेमातून समजलेला नाही. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला की पिंपळावर राहतो, हे आमच्याकडे रेशनकार्डावरच्या नोंदीसारखं पक्कं. आदित्य सरपोतदारांनी तोच मुंजा घेतला, त्याला 'लगीन' करायचा ध्यास लावला, आणि हिंदीत शंभर कोटींच्या वर धंदा केला. कौतुक आहे. सुहास जोशींची आजी तर झकास. पण मला एक विचारायचं आहे. पिंपळाची भीती कशात असते? वारा नसताना पान सळसळण्यात. संध्याकाळी परसात गेलं की ती सळसळ यायची आणि आम्ही लघवी अर्धी सोडून पळायचो. या सिनेमात पान एकटं सळसळतच नाही. त्याच्या मागे लगेच चाळीस व्हायोलिनं. भुताला बिचाऱ्याला स्वतःहून घाबरवायची संधीच मिळत नाही. कान काढून पाहिला तर तो गंमतशीर बालचित्रपट आहे, आणि मला वाटतं तसाच जास्त चांगला आहे.

त्यापेक्षा 'जारण'. जून २०२५, हृषीकेश गुप्ते यांचा. ते मूळचे भयकथा लिहिणारे, त्यामुळे केव्हा गप्प बसायचं ते त्यांना ठाऊक आहे. अमृता सुभाष एका जागी नुसती दाराकडे बघते आणि काही होत नाही. ते 'काही होत नाही' मी कान घालून ऐकलं. शेवटाकडे सिनेमा फार समजावून सांगतो, ते नको होतं. भूत की मन, हा निकाल प्रेक्षकानं घरी जाऊन लावावा.

'सैयारा'वर मी फार लिहिणार नाही. जुलै २०२५ मध्ये तरुण पोरं-पोरी थिएटरात हमसून रडत होती, त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. या यंत्रांना गाणं नीट पचत नाही, लांबलेला सूर त्यांना शिट्टी वाटते आणि ती तो दाबू बघतात. त्यामुळे गायकाच्या प्रेमकथेत नायक जीव तोडून गात होता आणि माझ्या कानात तो पाण्याखालून गात होता. तेवढ्यावरून मत देणं बरोबर नाही. पण नायिकेला ऐन तारुण्यात अल्झायमर होतो आणि ती फार सुंदर रीतीनं विसरते, ते मला पटलं नाही. माझी आई शेवटची चार वर्षं विसरत गेली. तांदळाच्या डब्यात किल्ल्या लपवायची आणि आम्ही चोरल्या म्हणायची. हिच्यावर हात उगारला होता एकदा. विसरण्यात आधी संशय येतो, चिडचिड येते, आणि ज्याला विसरतात तोही काही कायम प्रेमळ राहत नाही. आम्हीही ओरडलो आहोत तिच्यावर. ते दाखवलं असतं तर पोरं तरीही रडली असती, फक्त गाणी कमी विकली गेली असती.

'छावा'चं मत सांगायला मी बराच काळ टाळत होतो. एक तर विषय छत्रपती संभाजी महाराजांचा, आणि दुसरं म्हणजे तो मी जवळजवळ निम्मा कान काढून पाहिलाय. १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला, आम्ही पहिल्याच रविवारी गेलो. फेटे, भगवे झेंडे, कडेवर पोरं. पहिल्या दहा मिनिटांत यंत्रांनी हात टेकले. मध्यंतरात मी मॅनेजरला आवाज जरा कमी करता का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, ''साहेब, कमी केला की लोक येऊन वाढवायला सांगतात.'' खोटं नव्हतं ते.

मग डबी काढली, कान आत ठेवले आणि लढाया मुक्यानं पाहिल्या. मुक्यानं पाहिलं की कळतं, घोडा तोच परत परत उडी मारतोय. वेग कमी करून दाखवलेला प्रत्येक वार संगीतावर उभा आहे, संगीत काढलं की ती शाळेतली कवायत होते. विकी कौशलनं अंग झोकून काम केलंय, मानेच्या शिरा बघून मला त्याच्या घशाची काळजी वाटत होती. पण आवाजाशिवायही जो पडद्यावर भरून राहिला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब. तो बसल्या जागेवरून फक्त बघतो. मग शेवटी साखळदंडांत महाराज आणि कवी कलश एकमेकांना कवितेनं उत्तर देतात, तिथे मी घाईघाईनं कान घातले. ती जागा खरी होती. दोन मित्र, मरण समोर, आणि शब्दाला शब्द. सबंध सिनेमात तेवढाच वेळ दिग्दर्शकाचा संवादावर विश्वास होता.

त्यानंतरचे हाल फार लांबवलेत. आमच्या पुढच्या रांगेत सहा-सात वर्षांचा मुलगा होता. त्याच्या वडिलांनी त्याचे डोळे हातानं झाकले. आणि त्या पोरानं स्वतःचे दोन्ही हात कानांवर नेले. बापाला वाटत होतं पोरगं बघून घाबरेल. सिनेमा संपला, कोणीतरी गारद म्हटली, सगळे उठले, मीही उठलो. घोषणा मला कानांवाचूनही ऐकू आली, खुर्चीतून. पुढच्याच महिन्यात आम्ही तुळापूरला गेलो होतो. तिथे भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावर दुपारी कोणी नसतं. पाणी वाहतं, त्याचा आवाजही फार नाही. घाटावर एक आजी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. मला राहून राहून वाटलं की या एवढ्या आवाजानंही कोणी हा सिनेमा करू शकेल.

सरकारनं मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, ऐकू कमी येणाऱ्यांना आणि दिसत नसणाऱ्यांनाही थिएटरात सिनेमा पाहता यावा म्हणून. खाली संवाद लिहून यावेत, कानात दृश्याचं वर्णन यावं, वगैरे. मी एकदा तिकिटाच्या खिडकीवर विचारलं. मुलगा फार नम्र होता. त्यानं आत जाऊन मला थ्रीडीचा चष्मा आणून दिला.

मराठी सिनेमाला मात्र आपोआप ती सोय असते, कारण बऱ्याच मराठी चित्रपटांना हल्ली थिएटरातच खाली इंग्रजी ओळी असतात. आईची भाषा साहेबाच्या भाषेत वाचून समजून घ्यायची. आधी राग यायचा. आता मी चोरून वाचतो.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या पायल कपाडियांच्या सिनेमात तर मल्याळम, हिंदी, मराठी सगळंच आहे, त्यामुळे तिथे वाचण्यात कमीपणा नाही, सगळेच वाचतात. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात २०२४ मध्ये त्याला ग्रां प्री पारितोषिक मिळालं आणि नोव्हेंबरात तो आपल्याकडे आला. (कान शहराच्या नावावरून आमच्या घरी जे विनोद झाले ते इथे देत नाही.) मुंबईतल्या इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्सेस आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. एका रात्री एका नर्सच्या नावानं परदेशातून तांदूळ शिजवायचा लालचुटुक कुकर येतो. नवरा जर्मनीत, कित्येक महिन्यांत फोन नाही, आणि चिठ्ठी न चपाटी, नुसता कुकर. ती बाई रात्री फरशीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. तिथे संवाद नाही. बाहेर पाऊस आणि लांबून लोकल. कान घातले होते, काढून पाहिलं, पुन्हा घातले. दोन्ही वेळी ते दृश्य तसंच राहिलं. मी मनात म्हटलं, हे पास.

पार्वती म्हणजे छाया कदम. या बाईचा आवाज खालच्या पट्टीतला, भरलेला, त्यामुळे मला तो यंत्राविनाही पोचतो. माझ्या त्या आलेखाला खोटं पाडणारी एकमेव नटी. 'लापता लेडीज'मध्ये फलाटावर टपरी चालवणारी मंजूमाई तीच. इथे तिची चाळ बिल्डर पाडणार आहे आणि राहत होतो हे सिद्ध करायला एक कागद नाही. दोघी बायका रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकाला दगड मारतात आणि हसत सुटतात. मग ती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी जाते. सिनेमा तिच्यामागून कोकणात उतरतो तशी शहराची घरघर थांबते आणि मला क्षणभर वाटलं यंत्राची बॅटरी गेली. गेली नव्हती. समुद्र होता. हिला सिनेमा संथ वाटला. माझं तिचं यावर अजून भांडण आहे.

आता सप्टेंबर २०२५. १२ तारखेला एकाच दिवशी तीन मराठी सिनेमे लागले, 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. आपली माणसं आपल्याच पायावर धोंडा कसा मारून घेतात त्याचा हा नमुना. मी अर्थातच 'दशावतार' धरला. गावाकडून भावाचा फोन होता, ''बघितलंस काय? बघ आनि माका सांग.'' तिथे त्याच्या तालुक्यात तिकीट मिळत नव्हतं.

आमच्या देवळाच्या जत्रेत रात्री अकरा-बाराला धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, सुरू व्हायचा. देवळाच्या आडोशाला एकेक जण आरसा टेकवून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायचा. दिवसा ज्याच्याकडून आम्ही नारळ उतरवून घ्यायचो तो रात्री विष्णू व्हायचा आणि त्याच्या पायाला माझी आजी हात लावायची. लिहिलेलं नाटक नाही, संवाद जागच्या जागी. पेटी, मृदंग, आणि झांज. मी नेहमी झांजवाल्याला चिकटून बसायचो. ऑडिऑलॉजिस्टनं विचारलं होतं, लहानपणी मोठ्या आवाजाजवळ राहिलात का? तेव्हा मला एकदम तो झांजवाला आठवला. त्याच्यावर आळ घेत नाही. वयानंच गेलेत कान.

सुबोध खानोलकरांच्या या सिनेमात बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा दशावतारी आहे. त्याची नजर अधू होत चाललीय, मुलगा म्हणतो आता बस करा, आणि याचा पाय काही रंगभूमीवरून निघत नाही. दिलीप प्रभावळकर एक्याऐंशीव्या वर्षी हे काम करतात. एक जागा सांगतो. बाबुली रंग लावत असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला चेहरा पाठ आहे. कपाळावरून बोट उतरतं, भुवईशी थांबतं, वळतं. माझ्यासमोर तो नारळवाला आला. मी कान काढले. प्रभावळकरांचा आवाज मी चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, रंगभूमीवर ऐकलाय, त्याच्या किती तऱ्हा त्यांनी केल्या, आणि इथे आवाजाशिवाय ते बोट पुरलं.

पण उत्तरार्धात सिनेमा माझ्या हातून निसटला. जंगल, खाण, खलनायक, सूड. विषय खोटा नाही. आमच्या जिल्ह्यात लाल माती भरून जाणारे डंपर मी पाहिलेत. पण पूर्वार्धात ज्या म्हाताऱ्यानं कुजबुजून आपल्याला आत घेतलं, त्याच्याच तोंडून नंतर जाहीर सभा. दशावतारात संकासूर येतो, तो काय वाट्टेल ते बोलतो, गावच्या सरपंचाची पण टोपी उडवतो, आणि लोक हसता हसता समजतात. ती खोड या सिनेमाला सुचली असती तर! तरी भावाला मी सांगितलं, ''बघच.'' त्याचा उलट फोन आला तेव्हा तो अर्धा तास फक्त मालवणीबद्दल बोलत होता, कुठला शब्द कुणाच्या तोंडी बरोबर बसला नाही ते.

बरोबर आठवड्यानं, १९ ला, 'सबर बोंडं'. 'दशावतार'ला रांगा, आणि याला सकाळचा एक खेळ. आम्ही धरून सात माणसं. रोहन परशुराम कानवडे यांचा हा सिनेमा त्याच वर्षी सनडान्सला परदेशी कथापटांमधलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला होता. त्या महोत्सवात पोचलेला पहिला मराठी चित्रपट. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला आईबरोबर गावी येतो. गावात नातेवाईक, लग्न कधी करतोस याचा धोशा, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. दोघांमधलं जे नातं आहे ते गावाला सांगता येण्यासारखं नाही.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. अजिबात. मला हे ठाऊक नव्हतं. पाचेक मिनिटांनी जाणवलं की यंत्रं गप्प आहेत, कशाशी झगडत नाहीत. मग एकेक गोष्ट यायला लागली. शेळीच्या गळ्यातलं. पायांखालचा कचरा. चुलीवर काहीतरी. दोघं झाडाखाली पडून बोलतात, मध्ये इतका वेळ जातो की वाटतं विसरले, आणि मग उत्तर येतं. गावाकडे माणसं अशीच बोलतात. मला एक शब्दही खाली वाचावा लागला नाही. सबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल फळं. बाहेरून कुसळं, ती झाडून, सोलून खायची, जीभ लालभडक होते. कोणी दुसऱ्यासाठी ती सोलून आणली म्हणजे आपली बोटं टोचून घेतली एवढं समजायचं.

मला भीती होती ती हिची. म्हणजे आम्ही दोघं अशा विषयावर कधी बोललेलो नाही. दोन पुरुष एकमेकांना बिलगून झोपलेत आणि शेजारी बायको, काय बोलणार? पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. ती त्या आईकडे बघत होती. जयश्री जगताप यांनी ती आई केलीय, फार बोलत नाही, पण तिला सगळं माहीत आहे आणि ती मुलाच्या बाजूला उभी आहे. बाहेर रिक्षात बसल्यावर ही एवढंच म्हणाली, ''तिला कळलं होतं, आणि तिनं ते त्याला कळू दिलं. माझ्या आईनं मला काहीच कळू दिलं नाही.'' काय कळू दिलं नाही ते मी विचारलं नाही. रिक्षाचा आवाज फार होता, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नीरज घायवानचा 'होमबाउंड' पाहिला. पोलीस भरतीसाठी धडपडणारे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, आणि मग लॉकडाऊन. त्यातल्या आईच्या टाचांच्या भेगा अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. पुतण्याला बरोबर नेलं नव्हतं, ते बरं केलं.

आणि डिसेंबरात 'धुरंधर'. हिला पाहायचाच होता, भिशीतल्या सगळ्या पाहून आल्या होत्या. साडेतीन तासांच्या वर सिनेमा, मध्यंतर धरलं तर चार तासांची बेगमी. कराचीतल्या ल्यारीतल्या टोळ्या आणि त्यांच्यात घुसलेला आपला हेर. आदल्या रात्री मी कान चार्जिंगला लावायचे विसरलो होतो. मध्यंतराच्या जरा आधी उजव्यात टिंग वाजलं. मग डाव्यात. मग दोन्ही गेले.

उरलेला सिनेमा मुका. मी म्हटलं, चला, आपली नेहमीची परीक्षा. रक्त, दाढ्या, गाड्या, पुन्हा रक्त. आवाज नसला की मारामारी फार कष्टाची दिसते, माणसं दमलेली दिसतात. अक्षय खन्नाचा तो बहारीनच्या अरबी गाण्यावरचा नाच तेवढा मुक्यानंही चालला. थिएटरात सगळ्यांचे मोबाइल वर, आणि तो आपल्याच तंद्रीत खांदे हलवतोय. पण बाकीच्यात मला कोण कोणाचा तेच कळेना. मी हिच्याकडे वळलो, आणि सवयीनं तोंडातून गेलं, ''काय म्हणाला?''

'घरी सांगते' येईल असं वाटलं होतं. ती माझ्या कानाशी वाकली आणि बोलायला लागली. चांगली मोठ्यानं. ''हा मगाचाच, दाढी वाढवलीय.'' ''हा आपला की त्यांचा?'' ''आपलाच, पण त्यांना माहीत नाही.'' ''मग हा का चिडला?'' ''थांबा, बघू दे.'' पुढचा एक जण मागे वळून काहीतरी म्हणाला, ते अर्थातच मला ऐकू आलं नाही. हिनं त्याला जे उत्तर दिलं तेही नाही. पण तो पुन्हा वळला नाही.

शेवटी नावं सुरू झाली, दिवे लागले. लोक उठेनात, पडद्यावर अजून काहीतरी चाललं होतं. मी खुणेनं विचारलं काय आहे. ''दुसरा भाग,'' ही कानाशी ओरडली. ''मार्चमध्ये. कान आत्ताच चार्जिंगला लावून ठेवा.''